रागाची नस

बाबांच्या पोटाची नस कापायची ठरली, तेव्हा आमच्या घरात सगळ्यांना आतून आनंद झाला. तोंडानं कुणी कबूल केलं नाही. ऑपरेशन म्हटलं की घरच्यांनी चेहरे पाडायचे असतात, म्हणून आम्हीही पाडले. पण त्या संध्याकाळी बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्ती लावताना माय गालातल्या गालात हसत होती, ते मी आणि माझ्या धाकट्या भावानं, दोघांनीही पाहिलं.

त्याला कारण होतं. बाबा हिंगोलीच्या हळदीच्या बाजारात मापाडी होते. काट्यावर पोतं चढलं की वजन मोठ्यानं पुकारायचं आणि मग एकीकडून शेतकरी, दुसरीकडून व्यापारी, दोघांचं ऐकून घ्यायचं. ऐकून घेणं बाबांच्या रक्तात नव्हतं. दिवसभर बाजारात भांडायचे आणि उरलंसुरलं घरी आणायचे. मारकुटे नव्हते, हे आधीच सांगते, नाहीतर लोक भलतंच समजून बसतात. पण आवाज चढला की पत्र्यावरचे कावळे उडायचे आणि पुढ्यातलं ताट कधी भिरभिरत दारापर्यंत जाईल याचा नेम नसायचा. आम्ही भावंडं घरात पाय न वाजवता चालायला शिकलो होतो. अजूनही शेजारी कुणी मोठ्यानं बोलायला लागलं की माझे तळहात ओले होतात आणि मग मला स्वतःचाच राग येतो.

त्यात त्यांचं पोट. सीझनमध्ये नेलेला डबा तसाच परत यायचा. पोटात आग पडली की खायचा सोडा पाण्यात ढवळून घटाघटा प्यायचे, ढेकर आला की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. चिडले की पोट दुखायचं आणि पोट दुखलं की चिडायचे. पुढं पुढं तर काल खाल्लेलं आज ओकून पडायला लागलं. हिंगोलीच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

तिथल्या सर्जननं मायला समजावून सांगितलं. मी तेव्हा सातवीत होते आणि तिच्या शेजारीच उभी होते. "मेंदूकडून पोटाकडं नस जाते," ते म्हणाले. "माणूस चिडला, काळजीत पडला, नुसता फोडणीचा वास आला, तरी ती पोटाला सांगते की ॲसिड सोड. यांच्या पोटात ते जास्तच सुटतं. त्यानं जखम झाली आणि अन्नाची वाट आवळत गेली. आपण ती नस कापू आणि अन्नाला दुसरी वाट करून देऊ."

मायनं मान डोलावली. मग पदर सावरत विचारलं, "मंग साहेब, ह्यांचा राग बी जाईल का?"

डॉक्टर कसल्याशा कागदावर सही करत होते. "जाईल, जाईल," ते वर न बघता म्हणाले.

झालं. आम्ही परत यायच्या आत ही बातमी गल्लीत कशी पोचली कोण जाणे, पण पोचली. मापाड्याची रागाची नस कापणार. बाया येऊन बसू लागल्या. "आमच्या मालकाची बी कापून भेटंल का वं?" एकीनं तर अगदी मनापासून विचारलं. आत्याला मात्र हे काही रुचलं नाही. बाबांची थोरली बहीण ती, घरात बाबांना एकटी तीच अरे-तुरे करायची. ती म्हणाली, "राग गेला तर त्यो मापाडी कशाचा? बाजारात कोण भिईल त्याला? काट्यावर हात जोडून उभा ऱ्हाईल का?"

"जोडू द्या की," माय म्हणाली. "लई वरडून झालं."

हे सगळं बाबांच्या कानावर जात होतं. ते खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलेले असायचे. त्यांना याचं काही देणंघेणं नाही, असंच आम्हाला वाटलं.

ऑपरेशन होऊन बाबा घरी आले ते निम्मे होऊन. आवाज तर इतका बारीक झाला होता की पाणी मागितलं तरी दोनदा विचारावं लागायचं. डॉक्टरांनी थोडं थोडं, पण पुन्हा पुन्हा खायला सांगितलं होतं. माय मऊ भात शिजवून वाटीवाटीनं द्यायची आणि बाबा निमूट खायचे. आम्हाला खरं तर हेच हवं होतं. पण सुखानं बसवेना. खरंच गेला असेल का राग? सगळाच गेला असेल का? अभ्यासाला बसलं तरी माझं अर्धं ध्यान खाटेकडं.

मग आम्ही परीक्षा घ्यायला लागलो. भावानं त्यांच्या उशाशी पाण्याचा तांब्या पाडला. बाबांनी डोळे उघडले आणि परत मिटले. दुसऱ्या दिवशी त्यानं बातम्या चालू असताना रेडिओ बंद केला. पूर्वी एवढ्यावरून बाबांनी घर डोक्यावर घेतलं असतं. बाबा म्हणाले, "लाव रे बाळा." बाळा! भाऊ चपला न घालता बाहेर पळाला, साऱ्या गल्लीला सांगायला. एकदा माय भाजीत मीठ घालायला विसरली, तीही बाबांनी तशीच खाल्ली. खरंच विसरली का, हे मी तिला कधी विचारलं नाही. मी आपली बाबांच्या कपाळाच्या कडेची शीर बघत बसायचे. चिडले की ती फुगायची. ती अजून तिथंच दिसत होती आणि कापली असती तर दिसली नसती, असं माझं डोकं चालायचं.

पुढं मी जीवशास्त्रच शिकले आणि नवं शतक लागल्यावर हिंगोलीतल्याच एका कॉलेजात ते शिकवायलाही लागले. पोटाचा धडा आला की फळ्यावर जठराची पिशवी काढताना माझा हात जोरात चालतो, खडू मोडतात. नस एकटी नसते रे पोरांनो, मी सांगते. घास तोंडात जायच्या आधीच मेंदू नसेवाटे निरोप धाडतो आणि जठराच्या भिंतीतल्या पेशी ॲसिड सोडायला लागतात. मग अन्न पडून पोट ताणलं की जठराच्या खालच्या भागातून गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं. गंमत बघा, ते रक्तातून सगळ्या अंगाला फेरी मारून पुन्हा त्याच जठरात येतं आणि हिस्टामिन नावाच्या रसायनाला हाताशी धरून आणखी ॲसिड सोडायला लावतं. ॲसिड फार झालं की सोमॅटोस्टॅटिन नावाचं दुसरं संप्रेरक गॅस्ट्रिनला आवरतं. अन्न पुढं आतड्यात सरकलं की तिथूनही पुरे म्हणून निरोप येतो. म्हणून नस कापली तरी ॲसिड कमी होतं, संपत नाही. आणि वाट तोडली म्हणून निरोप धाडणारा काही गप्प बसत नाही. हे शेवटचं पुस्तकात नाही, ते मी माझ्या पदरचं घालते.

तोवर चांगल्या गोळ्या निघाल्या होत्या. बहुतेक अल्सरमागं एक जंतू असतो हेही कळलं होतं आणि नसा कापणं जवळजवळ बंदच पडलं होतं. म्हणजे पोटाच्या बाबतीत तरी बाबांच्या रागाला आम्ही बरंचसं उगाच बदनाम केलं होतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला इतका संताप आला की पुस्तक मिटून गच्चीवर येरझाऱ्या घालत राहिले. कुणावर संतापायचं तेही कळत नव्हतं.

पण सातवीतल्या मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बाबा पुन्हा बाजारात जायला लागले, अंगात थोडा जोर आला. एका दुपारी घरी जेवायला बसले आणि मायनं सवयीनं मऊ भात वाढला.

"रोज रोज ह्येच? मी काय लेकरू हाय?"

तोच आवाज. ताट दाराच्या चौकटीवर आदळलं आणि भात लाकडाला चिकटून राहिला. भाऊ माझ्या मागं लपला. मायनं भात गोळा केला, ताट मोरीत ठेवलं आणि चुलीपाशी बसून रडायला लागली. ताटं याआधीही उडाली होती, पण ती त्यासाठी कधी रडली नव्हती. "वाया गेली," ती म्हणत होती. "नस वाया गेली." बाबा बराच वेळ तसेच उभे होते, स्वतःच्या हाताकडं बघत. मग उपाशीच बाहेर गेले.

त्यानंतर नांदेडला दाखवायला जायचं होतं. मायला बरं नव्हतं, म्हणून बाबांसोबत मी गेले. त्याच डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. जळजळ? न्हाई. उलटी? न्हाई. "मग उत्तम," ते म्हणाले. आम्ही उठायला हवं होतं, पण बाबा बसून राहिले.

"साहेब, वार्डात माझ्या बाजूचा माणूस सांगत व्हता, त्या नसा दोन असतात म्हणे. एखादा फाटा राहून बी जातो."

"कधी कधी राहतो. पण तुमचं पोट तर छान आहे."

"पोटाचं न्हाई म्हणून राहिलो मी." बाबांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, मग खाली फरशीकडं. "थोडी राहिली असंल तर अजून एकदा कापा. मी तयार हाय. लेकरं भितात मला."

डॉक्टर हसले. दाराशी उभी असलेली नर्सही हसली. त्यात वाईट काही नसावं, लहान मुलाच्या बोलण्याला हसतात तसं ते हसू होतं. पण माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं.

"हसून काहून राहिले?" मी ओरडले. "तुमीच म्हणले व्हते ना, जाईल, जाईल!"

तो आवाज माझा नव्हता, बाबांचा होता. बाहेरच्या रांगेतली माणसं आत डोकावून बघायला लागली. डॉक्टरांचं हसू थांबलं. बाबा उठले, मला दंडाला धरून व्हरांड्यात घेऊन आले आणि बाकावर बसवलं. त्यांनी माझ्यापुढं उकिडवं बसून माझे दोन्ही हात धरून ठेवले.

"असं चिडू न्हाई, माझी माय," ते अगदी हळू म्हणाले. "लोकं भितात. मंग घरात बी आपुन एकलेच ऱ्हातो."