झांज कुठे गेली?

आमचे हे जन्मभर पत्र्याच्या कारखान्यात हातोडा चालवत आले आणि घरी येऊन रॉक ऐकत आले. म्हणजे दिवसा ठणठण, संध्याकाळीही ठणठण. लग्न ठरवताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

एखाद्या जुन्या अल्बमची साफसूफ करून काढलेली रीमास्टर रेकॉर्ड आली की ह्यांना ती हवीच. एका मांडीवर जुनं कव्हर, दुसरीवर नवं. आधी जुनी वाजवायची, मग नवी, मग पुन्हा जुनी. मोठा आवाज कानाला उगाच गोड लागतो, म्हणून दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्यायचा, हा ह्यांचा नियम. ह्यांच्या मागे बसून मी इस्त्री करत हळूच शीळ घालते. पूर्वी हे मागे न बघताच म्हणायचे, "सूर चुकला." मग तेही बंद झालं. मी समजले, बायको जुनी झाली.

अलीकडे प्रत्येक नव्या रेकॉर्डवर एकच निकाल. "ड्रमची झांजच मारून टाकली मेल्यांनी. जुनीत बघ कशी खणखणते." मला तर दोन्हींत ऐकू यायची. कानाच्या डॉक्टरांनी यंत्र लावायला सांगितलं होतं, पण ह्यांचं पालुपद एकच: कान ठणठणीत आहेत, कंपन्या बिघडल्यात. शेवटी म्हणाले, "प्लेअर विकून टाकू. ऐकण्यात राम राहिला नाही." गाण्यांशिवाय हा निवृत्त माणूस दिवसभर करणार काय? माझं डोकं खाणार, दुसरं काय.

मी लेकीला बोलावून घेतलं. तिने ह्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं, कव्हरं लपवली, आवाज सारखे केले आणि एक रेकॉर्ड लावली.

"ही नवी," हे लगेच म्हणाले. "झांजेचा पत्ता नाही."

"बाबा, ही तुमची जुनीच आहे."

त्या जुन्या रेकॉर्डची करकर मला स्वयंपाकघरातही ऐकू येत होती. ह्यांनी उठून फिरती रेकॉर्ड पाहिली, वाकून कान जवळ नेला.

"म्हणजे कव्हर हातात असलं की मी झांज नुसती आठवत होतो," म्हणाले. मग खाली बसले आणि डॉक्टरांचा नंबर मागितला.

यंत्र लागलं. आधी नळाच्या आवाजावर कुरकुर, मग पेपरच्या पानांवर, मग माझ्या चपलांवर. एका संध्याकाळी दोन्ही रेकॉर्डी काढल्या. मी इस्त्री घेऊन बसले, पण लक्ष सगळं तिकडे.

"झांज आहे," हे म्हणाले. "दोन्हींत आहे. नवीत जरा स्वच्छच आहे म्हण."

माझा जीव भांड्यात पडला. कॉलर दाबत मी नेहमीसारखी शीळ घालू लागले.

"सूर चुकला," हे मागे न बघताच म्हणाले.

मी इस्त्री उभी केली. डोळे पुसले, आणि मुद्दाम पुन्हा चुकवला.