फॉर्म भरून देणारे भाऊ

सेनगावच्या स्टँडसमोर ऑनलाइन फॉर्म भरून देणारे एक भाऊ बसतात. डी.एड., बी.एड., टीईटी... मास्तर व्हायला निघालेलं तालुक्यातलं प्रत्येक लेकरू त्यांच्याकडून फॉर्म भरून गेलंय. ते माणसाकडं बघत नाहीत, गुणपत्रिकेकडं बघतात. एकेक रकाना भरला की स्वतःशीच "बराबर" म्हणतात. शेवटचं बटण मात्र ज्याचं त्यालाच दाबायला लावतात. "दाब. उद्या म्हणशील, भाऊनं चुकवलं."

मी आमच्या तांड्यावरची पहिली पदवीधर. त्यात त्यांचा वाटा आहे, हे त्यांना ठाऊकही नसेल.

बारावीनंतर माझे वडील, बापू, मला तिथं घेऊन गेले. "डी.एड.चा भरा. दोन वर्षांत मोकळी व्हती."

सगळे रकाने भरल्यावर भाऊंनी मला विचारलं, "लहान लेकरांना शिकवायचं का मोठ्या?"

"मोठ्या."

"मग डी.एड. काहून? ते पाचवीपर्यंतचं. तुला आधी बी.ए., मग बी.एड. लागंल."

"पाच वर्षं व्हतेत, साहेब," बापू म्हणाले. "तवर लोकं काय म्हंतील?"

"काका, लोकांचा फॉर्म आपण भरत न्हाई. मी पोरीला विचारून राहिलो."

त्यांनी माउसवरचा हात काढला. मागची रांग कुरकुरली, तरी ते हलले नाहीत.

बापू माझ्याकडं वळले. "मोठे म्हंजे कितवीचे?"

"आठवी-नववीचे."

"मंग तेच भरा, साहेब."

भाऊंनी डी.एड.चं पान बंद केलं, कॉलेजचं उघडलं आणि माझी गुणपत्रिका पहिल्या ओळीपासून परत वाचायला घेतली.