बर्फाच्या कप्प्यातले बटाटे

नळीमावशीने दहा वर्षं डूख धरला होता, आणि त्याचा कुणाला वाससुद्धा येऊ दिला नव्हता. तोंडाने "बरं सर" म्हणायचं आणि मनात त्याच सरांना उभं-आडवं सोलायचं. ही दोन्ही कामं ती परीक्षानळ्या घासता घासता एकदमच उरकायची.

कॉलेजच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत ती परिचर होती. काचा धुणं, सूक्ष्मदर्शक पुसणं, प्रयोगांची मांडामांड करणं हे तिचं काम. मुलांनी तिला नळीमावशी केलं, कारण तिच्या हातात कायम एखादी नळी असायचीच. विभागप्रमुखांना मुलं भोंगासर म्हणत. ते जिन्यात बोलले की गच्चीवर ऐकू जायचं. बाकी माणूस उंटावरून शेळ्या हाकणारा. वीस वर्षांहून जास्त काळ परासरण शिकवलं, पण प्रयोगातल्या बटाट्याला कधी बोट म्हणून लावलं नाही.

प्रयोग तसा साधाच होता. बटाटा खालून सोलून सपाट कापायचा, वरून खड्डा कोरायचा, खड्ड्यात लाल रंग घातलेला साखरेचा पाक ओतायचा. पाक जिथपर्यंत येईल तिथे टाचणी खोचायची आणि बटाटा साध्या पाण्याच्या ताटलीत उभा करायचा. बटाट्याच्या प्रत्येक पेशीला एक पातळ पटल असतं. ते पाण्याला जाऊ देतं आणि साखरेला अडवतं. मग ताटलीतलं पाणी पेशीपेशीतून पाकाकडे ओढलं जातं आणि दोन-तीन तासांत लाल पातळी टाचणीच्या वर चढते. ती चढताना बघायला मावशीला अजूनही आवडायचं.

अकरा वर्षांपूर्वी कॉलेजची पाहणी करायला समिती येणार होती. प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी होती आणि ती मावशीलाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. आदल्या दिवशी भोंगासर म्हणाले, "बटाटे वरच्या बर्फाच्या कप्प्यात टाक. ताजे राहतील."

तिने टाकले. सकाळी काढले, कोरले, मांडले. बटाटे जरा मऊ लागले, पण सरांनी सांगितलेलं, आपण कोण बोलणार? दुपारी समितीसमोर पाक वर चढायच्या ऐवजी खाली उतरला होता आणि ताटलीतलं पाणी गुलाबी झालं होतं.

"अहो, अडाणी बाई आहे," भोंगासर भर वर्गात म्हणाले. "साखर-पाणीसुद्धा कालवता येत नाही हिला."

वर्ग फिदीफिदी हसला. तिसऱ्या बाकावर बसलेली एकच मुलगी हसली नाही. ती मावशीची लेक होती.

सहायकाची जागा भोंगासरांच्या मेव्हण्याला मिळाली. त्या संध्याकाळी लेक एवढंच म्हणाली, "आई, एक बटाटा नीट लावता आला नाही तुला?" त्यानंतर ती प्रयोगशाळेच्या दाराशीही फिरकली नाही. डॉक्टर व्हायचं म्हणणारी पोर वर्षअखेरीला विज्ञान सोडून हिशेबाच्या पुस्तकांकडे वळली. मावशीने स्वतःला बोल लावला. आपलाच हात चुकला, आपल्यामुळे पोरीची मान खाली गेली, असं ती धरून बसली.

पुढच्या वर्षी चार महिन्यांसाठी एक तरुण शिक्षिका आली. तिला मावशीने भीत भीत विचारलं. ती म्हणाली, "अहो मावशी, बर्फात पेशींमधलं पाणी गोठतं. त्या बर्फाच्या अणकुचीदार कडांनी पटलं फाटतात. बटाटा दिसायला बटाटाच राहतो, पण मेलेला. मग साखर काय, रंग काय, सगळंच बाहेर. तुमची काही चूक नव्हती त्यात."

मावशीच्या अंगाची लाही लाही झाली. ती तडक भोंगासरांकडे गेली. ते हसले. "आता तू मला पेशी शिकवणार?" आणि त्यांनी कागदावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'प्रयोगाचे बटाटे बर्फाच्या कप्प्यातच ठेवावेत.' खाली सही ठोकली आणि तो कागद तिच्याच हाताने फ्रिजच्या दारावर चिकटवून घेतला.

त्या दिवशी तिने ठरवलं. आज ओरडले तर कोण ऐकणार? याला वर चढू दे. चांगला उंच चढू दे.

दरवर्षी ती सरांचे गोठलेले बटाटे मुकाट्याने कचऱ्यात टाकायची आणि स्वतःच्या घरच्या टोपलीतले मांडायची. पोरांनी काय घोडं मारलं होतं तिचं? प्रयोग दरवर्षी फत्ते व्हायचा. 'भोंगासरांचा बटाटा' म्हणून तो गाजला, दुसऱ्या कॉलेजांतले शिक्षक बघायला यायचे. सर मान हलवून कौतुक घ्यायचे आणि मावशी मागे उभी राहून मोजायची, अजून किती पायऱ्या उरल्या.

दहा वर्षांनी ती पायरी आली. भोंगासर प्राचार्यपदाच्या उंबरठ्यावर होते. निवड समितीसमोर त्यांना एक नमुना पाठ घ्यायचा होता. कोणता, हे सांगायला नकोच.

"बटाटे बर्फात ठेवलेस?"

"ठेवले सर."

सकाळी तिने ते बाहेर काढले. पिशवीत घरचा एक ताजा बटाटा होता. क्षणभर तिचा हात पिशवीकडे गेला, कारण दहा वर्षांची सवय होती. तेवढ्यात भोंगासर दारातून ओरडले, "आणि त्या वेळेसारखा घोळ घालू नकोस! मांडून झालं की मागे उभी राहा, मध्ये तोंड घालू नकोस."

त्यांच्या लक्षात होतं तर! मावशीचा हात पिशवीपासून मागे आला. तिने सरांचे बटाटे टेबलावर मांडले आणि घरचा मागच्या खिडकीत, तोच पाक ओतून, त्याच वेळी.

दुपारी सर रंगात आले. "आता बघा, पातळी कशी चढली आहे!" त्यांनी बटाट्याकडे न बघताच हात केला. समितीतल्या चष्मेवाल्या बाईंनी मात्र बघितलं. खड्डा निम्मा रिकामा होता, ताटली गुलाबी. बाईंनी बटाटा दाबला तर अंगठा आत गेला.

"हा असा का झाला?"

"साखर कमी..." सरांचा भोंगा बसला. मग नेहमीची वाट सापडली. "या बाईने काहीतरी..."

"चोराच्या उलट्या बोंबा," मावशी म्हणाली. मोठ्याने म्हणाली. फ्रिजवरचा कागद तिने सकाळीच खरवडून काढला होता. तो तिने बाईंच्या हातात ठेवला आणि खिडकीतली ताटली आणून शेजारी मांडली. पाणी स्वच्छ, लाल पातळी टाचणीच्या बोटभर वर. "हा सरांचा, हा माझा. बर्फाने पटल फाटतं, मग आतलं आत राहत नाही. दहा वर्षं मी बटाटे बदलत आले. आज सरांचं ऐकलं."

बाईंनी विचारलं, "सर, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

भोंगासरांचा चेहरा पांढराफटक पडला. कुणी हसलं नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. मावशीने डोळे भरून बघून घेतलं. प्राचार्यपद दुसऱ्याच माणसाला गेलं, हे तिला चारच्या सुमाराला कळलं.

ती तडक लेकीकडे गेली. लेक नुकतीच कचेरीतून आली होती. मावशीने बर्फाचा कप्पा, कागद, सरांचा चेहरा, सगळं एका दमात सांगून टाकलं. "तोंडघशी पाडला बघ त्याला! माझी चूक नव्हतीच कधी."

लेकीने खांद्यावरची पर्स काढून खाली ठेवली.

"तुला हे कधी कळलं?"

"पुढच्याच वर्षी."

"तेव्हा मी वीस वर्षांचीसुद्धा नव्हते, आई. मला परत फिरता आलं असतं. मला का नाही सांगितलंस?"

मावशीने तोंड उघडलं. तुझ्या तोंडून बाहेर फुटलं असतं, असं ती म्हणणार होती. त्याला उंचावरून पाडायचा होता, असंही म्हणणार होती. लेक उठली आणि तिच्यासाठी पाणी आणायला आत गेली.