स्टँडबायचे चार दिवस

लंडनजवळच्या हाउन्सलोत पद्माकर केतकरांइतका सांभाळून गाडी चालवणारा दुसरा माणूस नसेल, आणि हे कुणी त्यांचं कौतुक म्हणून सांगत नसे. ताशी तीस मैलांची मर्यादा असली की हे चोवीसवर. राउंडअबाउटचा गोल चौक आला की लांबवर एकही गाडी दिसेनाशी होईपर्यंत थांबणार, मागचे बिचारे हॉर्न वाजवून थकले तरी. मोटरवेवर जन्मात एकदाच गेले, ते पहिल्याच एक्झिटला उतरून आतल्या रस्त्याने घरी आले. मुलगी मंजिरी शाळेत असताना मैत्रिणींना सांगायची, आमचे बाबा गाडी चालवत नाहीत, तिला फिरायला नेतात.

त्यांच्या बायकोला, सुचेताला, मात्र याचा अभिमान होता. का नसावा? हा गुण तिनेच तर लावला होता.

त्याचं झालं होतं असं. सुचेताचा मोठा भाऊ विष्णू बावीस वर्षांचा असताना खंबाटकीच्या घाटात मोटरसायकलच्या अपघातात गेला. सकाळी साताऱ्याला म्हणून निघाला आणि संध्याकाळी माणसं निरोप घेऊन आली. त्यानंतर तीन वर्षांनी पद्माकररावांचं स्थळ आलं. मुलगा नाकासमोर चालणारा, लंडनला जायचं पक्कं झालेलं, सगळं छान. पण मुलगी बघायला आला तो फटफटीवर बसून. अंगणातला आवाज ऐकला आणि सुचेता पोह्यांची बशी तशीच ठेवून आत निघून गेली. मग आईकरवी निरोप पाठवला, की ही गाडी विकाल त्या दिवशी माझा होकार धरा. आठ दिवसांत गाडी विकून पद्माकरराव बसने आले, विष्णूच्या फोटोसमोर उभे राहिले आणि म्हणाले, यापुढे दोन चाकांवर बसणार नाही. एवढ्या एका वाक्यावर सुचेता त्यांच्याबरोबर सातासमुद्रापार आली. त्यांनी शब्द पाळला. इथे आल्यावर मंजिरीला सायकल शिकवायची वेळ आली, तेव्हाही ते शेजारून पळत गेले, स्वतः सीटवर टेकले नाहीत.

पद्माकररावांनी अठ्ठावीस वर्षं हीथ्रो विमानतळावर एका विमान कंपनीच्या कार्गो शेडमध्ये काढली आणि दोन हजार एकला ते रिटायर झाले. कंपनीने जाताना घड्याळ दिलं, आणि स्टाफ तिकिटाची सवलत चालू ठेवली. आता स्टाफ तिकीट काय चीज असते ते विमानतळावर राबणाऱ्या घरांनाच ठाऊक. तिकीट जवळजवळ फुकट, पण सीटचा भरवसा नाही. याला म्हणतात स्टँडबाय. विमान सुटायच्या जरा आधी जागा उरली तर तुम्ही आत, नाहीतर बॅग उचला आणि उद्या या. थंडीत मुंबईची विमानं तर खच्चून भरलेली. मग ही मंडळी जिथे सीट मिळेल तिथे जातात, तिथून पुढे बघतात, असं वेडंवाकडं करत पोचतात. त्यामुळे अशा घरांत एक रीतच पडली होती: निघालेला माणूस कधी पोचणार हे विचारायचं नाही. पोचला की फोन येतो. मधले तीन-चार दिवस हिशेबातच धरायचे नाहीत.

दर जानेवारीत पद्माकरराव पुण्याला जात, थोरल्या बहिणीला, अक्कांना, भेटायला. अक्का अंथरुणाला खिळलेल्या. सुचेता शाळेच्या किचनमध्ये कामाला. जानेवारीत रजेचं नाव काढायची सोय नाही, म्हणून ते एकटेच जात. सुचेता दशम्या आणि लसणीची चटणी बांधून द्यायची, कारण हा माणूस कुठल्या विमानतळावर किती वेळ खुर्चीत बसून राहणार ते देव जाणे. मधेच एखादा फोन यायचा, "अडकलोय गं दुबईला. आजही फुल आहे." सुचेताचा जीव तुटायचा. साठीला टेकलेला माणूस, पाठ दुखते, बसलाय बिचारा त्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. ती गणपतीसमोर बसायची, देवा, यांना एक सीट मिळू दे म्हणायची. एका वर्षी तर त्यासाठी तिने निर्जळी उपास केला.

दोन हजार सातच्या सप्टेंबरात ओसीआय कार्डाची लाट आली. भारतातून येऊन इथले नागरिक झालेल्यांना ते कार्ड मिळालं की आयुष्यभर व्हिसाची कटकट नाही, तेव्हा जो तो फॉर्म भरत होता. केतकरांच्या घरात फॉर्म हे खातं सुचेताचं. पासपोर्टच्या पहिल्या पानाची झेरॉक्स हवी, असं फॉर्मवर स्वच्छ लिहिलं होतं, आणि तेवढ्या भरवशावर पद्माकररावांनी आपला पासपोर्ट बिनघोर तिच्या हातात दिला. इथेच ते फसले. चौतीस वर्षं संसार केला, पण आपल्या बायकोची एक गोष्ट विसरले: सरकारी काम म्हटलं की सुचेता सगळ्या पानांच्या झेरॉक्स काढते. कोऱ्या पानांच्यासुद्धा. उगाच त्यांनी परत पाठवायला नको.

लायब्ररीतल्या मशीनवर ती एकेक पान उलटं ठेवत होती. बाराव्या पानावर एक शिक्का दिसला, वेटोळ्या-वेटोळ्यांच्या अक्षरांचा. खाली इंग्रजीत थायलंड. तिला वाटलं, मधे कुठेतरी विमान बदललं असेल. मग तारीख बघितली. चौदा जानेवारीला आत, अठराला बाहेर. पुढच्या पानावर दुसऱ्या वर्षीचा. मग तिसऱ्या. सहा वर्षं, सहा जोड्या, प्रत्येकीत चार दिवसांचं अंतर. दोन हजार तीनची तारीख तिने तीनदा वाचली. तो तिच्या निर्जळी उपासाचा दिवस होता. मागे उभ्या असलेल्या बाईने, तुमचं झालं का, असं दोनदा विचारलं, तेव्हा कुठे ती बाजूला झाली आणि मूळ पासपोर्ट मशीनमध्येच विसरून निघाली. त्या बाईनेच तो मागून आणून दिला.

थायलंडला एकटे पुरुष कशाला जातात, हे हाउन्सलोत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. विमानतळावर काम करणारी माणसं सगळं बघतात आणि बसमध्ये मोठमोठ्याने बोलतात. सुचेताने स्वतः अशा कितीतरी म्हाताऱ्यांना नावं ठेवली होती. आणि आता तिच्याच घरात, चष्मा पुसून पुसून पेपर वाचणारा हा माणूस? तीन दिवस ती घरात भुतासारखी वावरली. आमटीत दोनदा मीठ पडलं. ते म्हणाले, आज जरा खारट झालीय का, आणि मुकाट्याने जेवले. त्या मुकाट्याने जेवण्याचाही तिला संताप आला.

शेवटी तिने स्टॅनमोरला राहणाऱ्या मंजिरीला फोन केला. मंजिरी आधी हसली, मग तिचा आवाज बदलला. तिला मोडक्यातोडक्या मराठीत एवढंच सुचलं, "आई, तू त्याला डायरेक्ट विचार ना. बाबा असा नाहीये."

रविवारी सकाळी पद्माकरराव टोस्टला लोणी लावत होते. सुचेताने शिक्क्यांच्या पानांच्या झेरॉक्स त्यांच्या बशीशेजारी ओळीने मांडल्या. त्यांनी बघितलं. सुरी खाली ठेवली.

"बाई आहे का?" तिने विचारलं.

ते दचकले. मग नाही म्हणाले. वर गेले आणि बॅगेच्या अस्तरातून एक पाकीट काढून आणलं. आत फोटो होते. सुचेताने पहिला बघितला आणि तिला आधी कळेचना की हा कोण. लसणाच्या शेताकडेचा लाल मातीचा रस्ता, एक छोटी मोटरसायकल, पुढे भाजीची टोपली, आणि गाडीवर हेल्मेट घालून बसलेला एक म्हातारा, बत्तीसच्या बत्तीस दात दाखवत हसणारा. अंगातला शर्ट तिने इस्त्री केलेला होता.

मग त्यांनी सगळं सांगितलं. पहिल्या वर्षी ते खरंच अडकले होते. मुंबईला सीट नाही म्हणून बँकॉकला गेले, तर तिथूनही चार दिवस फुल. कार्गोतला एक ओळखीचा म्हणाला, इथे सडण्यापेक्षा वर उत्तरेला च्यांग मायला जा, स्वस्त आहे. तिथे एका रिटायर मास्तरांकडे खोली मिळाली. शनिवारी मास्तर आणि त्यांचे चार दोस्त, सगळे साठीपुढचे, आपापल्या मोटरसायकली काढून निघाले आणि यांनाही एक देऊ केली. नाही म्हणायचं म्हणून यांनी तोंड उघडलं, आणि हो म्हणून बसले. घाई कुणालाच नव्हती. शनिवारी एका गावच्या बाजारापर्यंत, रविवारी डोंगराच्या पायथ्याच्या देवळापर्यंत. वाटेत कालव्यावर थांबायचं, केळीच्या पानातला चिकट भात खायचा, सावलीत पडायचं, ऊन उतरलं की परत. त्या म्हाताऱ्यांना लसणीची चटणी भलती आवडली होती, हेही ते सांगून बसले आणि मग जीभ चावली. पुढच्या वर्षापासून मात्र ते अडकत नव्हते, मुद्दाम जात होते. मधल्या चार दिवसांचा जाब कुणी विचारत नाही, हे एकदा लक्षात आलं होतं.

हे सगळं सांगताना त्यांच्या तोंडावर जे तेज आलं, ते सुचेताने चौतीस वर्षांत बघितलं नव्हतं.

"बाई असती तर परवडली असती," ती म्हणाली.

आता आ वासायची पाळी पद्माकररावांची होती. पण ती खरंच बोलत होती. बाई असती तर तिच्याशी भांडता आलं असतं, मंजिरीकडे निघून जाता आलं असतं, चार लोकांनी तिची बाजू घेतली असती. हे कुणाला सांगणार? नवरा गुपचूप ताशी पंधरा मैलांनी मोटरसायकल चालवतो म्हणून रडणाऱ्या बाईला लोक हसले असते. आणि शब्द तर विष्णूपुढे दिलेला. दर वर्षी त्या फोटोला हात जोडणारा माणूस सहा वर्षं खोटे हात जोडत होता. ती हे सगळं बोलली, एकदाच आणि न थांबता.

पद्माकररावांनी फोटो गोळा करून पाकिटात घातले. मग म्हणाले, "मला कधीच भीती वाटत नव्हती, सुचेता. भीती तुझी होती. मी ती पाळली."

तिला हे ऐकून आणखी एक धक्का बसला, पहिल्याहून खोलवरचा. चोवीसच्या वर न जाणारा, राउंडअबाउटवर ताटकळणारा, भित्रा आणि म्हणून तिचा असलेला माणूस मुळात नव्हताच. तिच्यासाठी तो रोज तसा होत होता. इतकी वर्षं ती कुणाबरोबर राहत होती?

त्यांनी तिकिटाचं सांगितलं. येत्या जानेवारीचंही ठरलेलं होतं. "तू नको म्हणालीस तर नाही जाणार," ते म्हणाले. सुचेताने त्यांच्याकडे बघितलं आणि तिच्या लक्षात आलं की ते खरं बोलताहेत की नाही, हे आता तिला सांगता येत नाही. आधी ते नुसत्या पावलांच्या आवाजावरून कळायचं. तेवढी एक गोष्ट गेली तर या घरात उरणार काय? तिने दोन आठवडे विचार केला. शेवटी एका संध्याकाळी भांडी पुसताना ती म्हणाली, की जा. पण सांगून जा. खोटं ऐकण्यापेक्षा काळजी केलेली बरी.

तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. तिला वाटलं, आपण जिंकलो. दोघंही जिंकलो.

जानेवारीत ते गेले, अगदी सांगून सवरून, फ्रिजवर मास्तरांचा नंबर चिकटवून. शनिवार उजाडला तशी सुचेता लवकरच उठली. ती फोनशेजारी खुर्ची ओढून बसली. हातात स्वेटर विणायला घेतला आणि चार ओळी चुकीच्या विणून उसवल्या. तिच्या डोळ्यांसमोर तो लाल रस्ता होता, आणि थोड्या वेळाने त्याचा खंबाटकीचा घाट झाला. सकाळी दहाला फोन वाजला. तिकडे संध्याकाळ झाली असणार. तिने पहिल्याच घंटेला उचलला.

ते ठीक होते. आवाज धड होता. ती सुटली, आणि मग तिने विचारलं, आज कुठवर जाऊन आलात?

"नाही गेलो," पद्माकरराव म्हणाले. "मास्तर आणि मंडळी गेली. मी गाडी काढली, कोपऱ्यापर्यंत गेलो. पण तू फोनजवळ बसली असशील हे डोक्यातून जाईना. हात कापायला लागले. परत आणून लावली."

उद्या जाल, सुचेता म्हणाली. मी नाही बसणार फोनजवळ, बाहेर जाते मंजिरीकडे. ती काय बोलत होती ते तिचं तिलाच खरं वाटत नव्हतं. चौतीस वर्षं ज्या गोष्टीसाठी तिने देव पाण्यात ठेवले, ती घडली होती, आणि ती मात्र नवऱ्याला गाडीवर बसायच्या विनवण्या करत होती.

ते म्हणाले, की उद्या सकाळच्या विमानाला सीट आहे म्हणतात, तेव्हा पुण्यालाच जातो, अक्का वाट बघत असेल. आणि मग फोन ठेवण्याआधी त्यांनी विचारलं, "आता बरं वाटलं ना तुला?"

टोमणा नव्हता. ते मनापासून विचारत होते, रोज जेवताना पोट भरलं का विचारावं तसं. सुचेताला हो म्हणता आलं नाही.