वेचणीआधीचा सीटी

रोबोटच्या हातातली करवत बाजूला झाली. गुडघा बदलण्यासाठी कापलेला नडगीच्या हाडाचा तुकडा मी उचलला आणि खाली भोक दिसलं. बोट घातलं तर अर्धं पेर आत गेलं.

याला आम्ही सिस्ट म्हणतो. सांधा झिजला की हाडात पोकळी होते, आत चिकट पाणी साचतं. लहान असेल तर कापलेल्या हाडाचाच चुरा ठासून भरायचा. मोठी असेल तर कृत्रिम सांध्याला खाली लांब दांडा लावायचा, म्हणजे भार खालच्या घट्ट हाडावर जातो. त्या दांड्याला स्टेम म्हणतात. ही मोठी होती, पण आमच्याकडे स्टेम मागवलेलाच नव्हता, कारण प्लॅनमध्ये तो नव्हता.

प्लॅन दसऱ्याच्या सीटी स्कॅनवर केलेला. तेव्हा पोकळी तुरीच्या दाण्याएवढी होती. पेशंट कौसल्याबाई, दारव्ह्याकडच्या. मी ऑपरेशनची तारीख दिली तर म्हणाल्या, "वेचणी झाल्याबिगर नाही येत जी. कापूस झाडावर लोंबून राह्यला." त्या वर्षी भाव पडलेला, वेचायला बाया लावणं परवडत नव्हतं. त्या संक्रांतीनंतर आल्या. मधले तीन महिने गोळ्या खाऊन त्याच पायावर वेचत होत्या.

मी आमच्या हॉस्पिटलच्या डायरेक्टरांना म्हटलं होतं, "सर, नवा सीटी करू."

"कशाला? प्लॅन लॉक झालाय. आपली पहिली रोबोटिक केस आहे, उद्या पाहुणे येतायत."

मी जुनाच प्लॅन ठेवला. पहिल्या केसची हौस मलाही होती.

रोबोटचा दोष नाही. सुरुवातीला हाडावर सळई टेकवून ते स्कॅनशी जुळतं का बघतात. वरून सगळं जुळलं. आतून हाड पोखरलंय हे त्याला कसं कळणार?

स्टेम नागपूरहून यायला चार तास. गुडघा तेवढा वेळ उघडा ठेवता येत नाही.

"चुरा भरा आणि संपवा," सर म्हणाले.

मी पोकळी खरवडली, चुरा ठासला, सिमेंट लावून सांधा बसवला. बाहेर पाहुण्यांसोबत फोटो निघाले. त्यात मीही हसतोय, त्याची अजून लाज वाटते.

दीड वर्षाने कौसल्याबाई लंगडत आल्या. सांधा एका बाजूने हाडात खचला होता. पुन्हा ऑपरेशन, यावेळी स्टेम घालून. तो सगळा हंगाम त्यांना शेतात पाय टाकता आला नाही.

"मशीन चुकली का जी, डॉक्टरसाहेब?"

"नाही. मशीनला आम्ही तुमचा जुना फोटो दाखवला."

 त्या म्हणाल्या, "मी तं समोरच होती. माह्या पायाकडं कोनीच नाही पाह्यलं का?"

आता मी आधी स्कॅनवरची तारीख बघतो. मग पेशंटचा पाय.