तिचा शाडूचा उंदीर

"माजा हाय," म्हणत ती आधी वस्तू पोटाशी धरायची आणि मग आपल्याकडे संशयाने बघायची. वय अडीच वर्षं. तिची आई पेणच्या एका गणपती कारखान्यात मूर्ती घासायला यायची. घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून हिलाही आणायची.

मी हिंगोलीकडचा, सातवीत शाळा सोडलेला. मालकांनी काम दिलं, माळ्यावर झोपायला जागा दिली. ते उपकार आजही मानतो. पण काही चुकलं तर हाकलतील, ही भीती तेव्हा जेवतानासुद्धा असायची.

आखणी म्हणजे गणपतीचे डोळे रंगवणं. ती एकच म्हातारे कारागीर करायचे; ते बसले की आम्ही खोकलाही दाबायचो. तुम्ही मूर्ती घेताना ते शांत डोळे बघून हात जोडता ना, मग ही शांतता कुठून यायची तेही ऐका.

मालकांचा पाच वर्षांचा नातू दिसेल ते मागायचा आणि नाही मिळालं की पत्रे उडतील असा ओरडायचा. ही मात्र मुसमुसून रडायची, आवाज न करता. मग आखणी चालू असताना कुणाकडून काढून घ्यायचं, हे ठरलेलंच. बिस्कीट, डबीचं झाकण, ब्रशचा तुटका दांडा. बाया हसायच्या. काढून घेणारा बहुतेक वेळा मीच, तेही गोड बोलून. आठवलं तरी शिसारी येते.

एक दिवस आखणी चालू असताना तिने शाडूचा उंदीर केला. शेपूट सोडलं तर त्यात उंदराचं काही नव्हतं. नातवाने बोट दाखवलं, तोंड उघडलं. मी उठलो. तिने मला येताना पाहिलं, उंदीर खाली ठेवला आणि त्यावर बसली.

"दे गो बाय. शहाणी ना तू?"

"नाय! माजा हाय!"

एवढा आवाज तिच्यात आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्यांचा हात हलला आणि काळी रेघ मूर्तीच्या गालावर गेली.

मालक आले. चूक माझी, हे घशापर्यंत आलं होतं. मी मान खाली घालून रंग ढवळत राहिलो.

"उद्यापासून पोरीला आणू नको," मालक तिच्या आईला म्हणाले.

"मंग मी तरी कशी येऊ, शेट?"

"ते तू बघ."

बिघडलेला डोळा पुसून पुन्हा आखायला पाव तास लागला. फक्त पाव तास.

संध्याकाळी आईने तिला कडेवर घेतलं. चपटा झालेला उंदीर तिच्या मुठीत होता. मी दाराशी उभा राहून हसत होतो. त्या हसण्याची मला सगळ्यात जास्त किळस येते.

"मामाला टाटा कर गो."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"नाय," म्हणाली.