खालच्या मजल्यावरचं व्हायोलिन

आम्ही शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूजवळ राहायचो. मी पाचवीत असताना खालच्या फ्लॅटमध्ये स्लोव्हाकियातून आलेलं एक कुटुंब राहायला आलं. घरमालक आईला हळूच म्हणाला, "जिप्सी आहेत, जरा सांभाळून." त्यांची मुलगी माझ्याच वर्गात आली. माझ्या तोंडून 'जिप्सी' ऐकताच तिने पहिल्याच दिवशी मला बजावलं, "तो शब्द नाही वापरायचा. आम्ही रोमा."

तिचे वडील एका रेस्टॉरंटमध्ये व्हायोलिन वाजवायचे. रविवारी त्यांचे नातेवाईक जमत. एक जण टेबलाएवढ्या संतुरासारख्या वाद्यावर काड्या नाचवायचा, आजी चमचे वाजवायची आणि ही माझ्या वयाची पोर मधोमध उभी राहून गायची. कुणी कुणाला शिकवताना दिसायचं नाही, तरी सगळ्यांना सगळं येत असे. मी दारात उभी राहून ऐकायची. ऐकताना आनंद व्हायचा आणि घरी आल्यावर जीव जळायचा. आमच्या घरी रविवारी कपडे धुवायचे आणि व्हॅक्यूम करायचं.

तेही मी सहन केलं असतं. पण मग ती बाबांना सापडली.

बाबा नागपूरचे. एकदा जिन्यात त्यांनी नाकाला बोट लावून तिला सहज विचारलं, "तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?"

"नाख," ती म्हणाली.

"आणि हा?" बाबांनी कान धरला.

"कान."

"पाण्याला?"

"पानी."

बाबा पायरीवरच बसले. "ही तर आपलीच निघाली, यांचे पूर्वज भारतातूनच गेलेले," ते आईला म्हणाले. त्यानंतर ऑफिसातून आले की ते आधी तिच्याशी बोलत. ती त्यांना 'काका' म्हणू लागली. बाबा माझ्याशी मराठीत बोलायचे, मी इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि कधीतरी त्यांनी त्याबद्दल बोलणंच सोडलं होतं.

तिच्या धाकट्या भावाच्या बारशाला आम्हाला बोलावलं. तिने बाबांचा हात धरून त्यांना नाचात ओढलं. कुठल्याही कार्यक्रमात भिंतीला टेकून उभे राहणारे माझे बाबा घामाघूम होईपर्यंत नाचले. मी प्लेट घेऊन कोपऱ्यात बसले.

"तोंड का पाडलंस?" आईने विचारलं.

"नथिंग."

दुसऱ्या दिवशी जेवताना बाबा कौतुकाने सांगत होते, "ती दोनला दुय म्हणते, पाचला पांज."

"बाबा, मला पण विचारत जा ना," मी मराठीत म्हणाले.

त्यांचा घास हातातच राहिला. "काय विचारू?"

"काहीपण."

"बरं. आज शाळेत काय झालं?"

मी सांगायला लागले आणि दुसऱ्याच वाक्यात अडले. आई शब्द पुरवायला गेली, तर बाबांनी तिला हातानेच थांबवलं. पोळ्या गार झाल्या, पण माझं सांगून होईपर्यंत ते थांबले. पुढे हा रोजचा रिवाज झाला. माझी मराठी सुधारली ती त्या जेवणांमुळे.

बाबांवरून वाटणारी जळजळ हळूहळू गेली. गाण्याची गेली नाही. ते कुटुंब दुसऱ्या गावी जायच्या आधी तिने मला त्यांचं एक गाणं शिकवायचा खूप प्रयत्न केला. माझी टाळी दर वेळी चुकायची.

"तू मोजतेस," ती हसून म्हणायची. "मोजू नकोस."

मला न मोजता ते कधीच जमलं नाही. तिच्या वर्षभराच्या भावाला मात्र आईच्या मांडीवर बसल्या बसल्या जमत होतं.